गाडी सोमवारी दारात हवी

मंगळवार, १३ फेब्रुवारी

पान्या,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसतंय ना? दिसू दे.

तू फोन उचलत नाहीस. आठवडाभर नुसती रिंग जात होती, आता ‘हा क्रमांक उपलब्ध नाही’ असं ती बाई सांगते, तेही इतक्या गोड आवाजात की फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. शेवटी तुझ्या गॅरेजमधल्या रंगाऱ्याला गाठलं. आधी म्हणाला, मला काही माहीत नाही. मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि त्याचा एक अख्खा दरवाजा रंगवून होईपर्यंत उठले नाही. तेव्हा कुठे तू आता काम करतोस त्या वर्कशॉपचा पत्ता मिळाला. त्याच्यावर चिडू नकोस. माझ्यापुढे भलेभले टिकत नाहीत, तो तर बिचारा रंगारी.

माझी व्हॅन अजून परिवहन कार्यालयाच्या आवारात उभी आहे. चाकांना साखळी. काचेवर एवढी धूळ की कुणीतरी बोटानं त्यावर बदक काढून ठेवलंय. सत्तावीस दिवस झाले. रोज जाते, रोज नवा कागद मागतात. काल त्यांना कन्व्हर्टरचा जुना डबा हवा होता, आतल्या जाळीसकट. मी म्हटलं, जाळी माझ्या भावानं फोडून फेकली, आता कुठून आणू? तर तिथला कारकून मलाच शिकवायला बसला. इंजिनाचा विषारी धूर त्या जाळीतून जातो म्हणून निवळून बाहेर पडतो, तुमच्या भावानं डबा उघडून सळईनं जाळी फोडली आणि रिकामा डबा परत वेल्ड करून ठेवला, बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, वगैरे. जणू मला हे माहीतच नाही. रुग्णालयात तीन डॉक्टरांनी मला त्या धुराचं सांगितलं होतं, आणि तेव्हा माझ्याच गाडीत धुरानं गुदमरलेल्या आपल्या गणिताच्या बाई समोर नळ्या लावून पडल्या होत्या.

मला एवढंच विचारायचंय. माझ्या गाडीत दिवसाआड डायलिसिसचे रुग्ण बसतात हे तुला ठाऊक होतं. डायलिसिसनंतर त्यांना थंडी वाजते, म्हणून मी काचा घट्ट लावून घेते, हेही ठाऊक होतं. तरी तू असं काम केलंस. आणि केलंस ते केलंस, वर कार्यालयात ‘सगळं मीच केलं, ताईला काही माहीत नव्हतं’ असं लिहून देऊन सही करून चालता झालास. आता मी एकटी खेटे घालते आहे.

बाई अकरा दिवसांनी घरी आल्या. त्यांच्याबरोबर गाडीत असलेले शिंपीकाका दुसऱ्याच दिवशी ठणठणीत होते, फक्त ओकारी आठवली की अजून तोंड वाकडं करतात.

आई तुझं नाव काढत नाही. मामाचा फोन आला तेव्हा म्हणाली, ‘लहानपणापासूनच घिसाडघाईचा. पाना हातात आला की याला दम निघत नाही.’ मी शेजारीच उभी होते.

जुना डबा गाडीखाली नाही. तू काढून कुठे ठेवलास का, तेवढं तरी कळव.

ताई


गुरुवार, २९ फेब्रुवारी

पान्या,

पहिलं पत्र पोचलं. रंगाऱ्यानं सांगितलं. म्हणजे तू त्याच्याशी बोलतोस. छान.

डब्याचं राहू दे. कार्यालयातच सापडला. माझ्या गाडीखालून तो त्यांनीच काढून स्वतःच्या कपाटात ठेवला होता आणि माझ्याकडे मागत होते. मी त्यांना विचारलं, कपाट उघडायला पण अर्ज लागतो का? कारकून म्हणाला, हो, लागतो. चेष्टा करत नव्हता.

नवा कन्व्हर्टर आला. सहा आठवडे वाट बघितल्यावर आला. खोका उघडला तर भोकं जुळेनात. आपल्या गाडीला तीन बोल्ट, याला दोन. परत पाठवला. कंपनीचा माणूस म्हणाला, ऑर्डर देताना नीट बघायचं ना. मी गाडीचा नंबर, इंजिनचा नंबर, साल, महिना, सगळं लिहून दिलं होतं. आता माझी जन्मतारीख द्यायची तेवढी राहिली आहे.

तुझ्या उस्तादांनी तर हात वरच केले. मी गॅरेजच्या दारात पाय ठेवला तोच म्हणाले, ‘बाई, ती गाडी इथे आणू नका. तुमच्या भावानं माझी बारा वर्षांची अब्रू घालवली.’ मी गप्प बसून परत आले. मी आणि गप्प बसून परत, तूच विचार कर.

रुग्णांना सध्या एक तात्पुरता ड्रायव्हर नेतो. तो वेळेवर आला असा एक दिवस नाही. शिंपीकाका मला फोन करून त्याच्या तक्रारी करतात. उशिरा येतो, खड्डा चुकवत नाही, गाणी भयंकर लावतो. ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

गाडी तपासणाऱ्या तज्ज्ञांचा अहवाल आला. सात पानी आहे. विशेष काही नाही त्यात.

दुसरी गोष्ट मात्र मला अजिबात पटलेली नाही. रंगारी म्हणतो की तू तिथे टायर बदलतोस. फक्त टायर. साहेबानं वेल्डिंगला उभं राहा म्हटलं तर तू नाही म्हणालास. का? तुझ्या हातचा सांधा बोट फिरवून शोधावा लागतो असं उस्तादच म्हणायचे, शिव्या देण्याआधी. आईच्या पलंगाचा पाय तू जोडलास तो अजून कुरकुरत नाही. एका कामावरून माणसानं हातातली कला सोडायची?

एकदा तरी काहीतरी लिही. शिवी लिही.

ताई


रविवार, १० मार्च

पान्या,

बरोबर तीन बोल्टचा कन्व्हर्टर आला, बसला, तपासणी झाली, गाडी पास. यंत्राच्या कागदावर सगळे आकडे हिरवे. उद्यापासून मी पुन्हा कामावर. कारकुनानं साखळी काढताना माझं अभिनंदन केलं. मी घरी येऊन गाडी धुतली, बदकासकट.

खरं तर हे एवढंच लिहून पत्र संपवणार होते. पण आज सकाळी बाईंकडे गेले होते.

त्यांच्याकडे जायला मला सात आठवडे लागले. रोज काही ना काही निघायचं. आज म्हटलं, उद्या गाडी घेऊन दारात जायचंय, त्याआधी तोंड दाखवावं. त्या टेबलापाशी चौकटीची वही घेऊन बसल्या होत्या. सतराचा पाढा लिहीत होत्या. सतरा पंचे पंच्याऐंशी, आणि पुढे थांबल्या होत्या. पेन कागदावर टेकलेलं, शाईचा ठिपका मोठा मोठा होत चाललेला. ज्या बाईंनी तीस वर्षं अख्ख्या गावाची पोरं पाढ्यांवरून उभी केली, त्या. डॉक्टर म्हणतात, धुरातल्या त्या वायूनं असं होतं कधी कधी. सुधारेल, वेळ लागेल. किती वेळ ते कुणी सांगत नाही.

मी चहा केला. त्यांनी वही बंद केली आणि मला विचारायला लागल्या, वर्गात विचारायच्या तसं, एकेक पायरी. गाडी आधीपासून बिघडली होती का? हो. काय झालं होतं? जाळी आतून वितळून तुंबली होती, पूल चढताना गाडीला दम लागायचा. नवा भाग का नाही बसवला? यायला तीन आठवडे लागणार होते. मग म्हणाल्या,

‘मग त्यानं जाळी काढली, ती आपल्या मनानं?’

मी ‘हो’ म्हणाले.

त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, हुशार मुलगा होता, पण भूमितीत आळशी. एवढंच. बाहेर येऊन गाडीत बसले आणि किल्ली न फिरवता आरशात मागची सीट बघत राहिले. समोर एक माणूस जागेसाठी हॉर्न वाजवत होता. मी त्याला दोन शब्द ऐकवले. त्याची काही चूक नव्हती.

तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तरी कुठेतरी लिहिलं गेलं पाहिजे, म्हणून लिहिते.

सहा जानेवारीला, शनिवारी, तू मला फोन केला होतास. म्हणालास, ‘ताई, हिला तीन आठवडे उभी ठेव. दुसरा मार्ग नाही. म्हणजे आहे, पण तो मला करायचा नाही.’ मी म्हटलं, तीन आठवडे उभी ठेवली तर या माणसांना कोण नेणार? यांचं रक्त धुवायचं कोणी थांबवणार आहे का तीन आठवडे? तू म्हणालास, रुग्णालयाला दुसरी गाडी मागू. मी म्हटलं, एकदा दुसरी गाडी आली की माझं काम गेलंच समज. तू तरी नाहीच म्हणत होतास. तेव्हा मी म्हणाले, ‘गाडी सोमवारी सकाळी दारात हवी. काय करायचं ते कर, मला सांगू नकोस.’

आणि फोन ठेवला.

म्हणजे ‘ताईला माहीत नव्हतं’ हे तू खोटं लिहिलं नाहीस. मीच तशी सोय करून ठेवली होती. तू कार्यालयात तसं लिहून देत होतास तेव्हा मी बाजूच्या बाकावर बसून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते. तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. मला तेव्हा वाटलं, चला, निभावलं.

आईला अजून सांगितलेलं नाही. बाईंनाही नाही. उद्या कामावर जायचंय.

ताई


सोमवार, १८ मार्च

पान्या,

आठवडाभर गाडी चालवली. बाई माझ्या गाडीत बसल्या नाहीत. त्यांनी रुग्णालयाला कळवलं, मला तोच उशिरा येणारा द्या. शिंपीकाका बसतात, पण खिडकी पूर्ण खाली करून, गळ्याला मफलर गुंडाळून, माझ्याकडे न बघता.

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. मला वाटलं होतं, एवढं कबूल केल्यावर तरी तू दोन ओळी खरडशील. राग आला. मग गाडी चालवता चालवता लक्षात आलं की मी अर्धंच कबूल केलंय. तुला आधीच माहीत असलेलं तेवढंच. जे तुला माहीत नाही ते अजून माझ्याच कपाटात आहे.

अहवालात विशेष काही नाही असं लिहिलं होतं ना? त्याचं पाचवं पान सोबत जोडलंय. आधी ते वाच, मग पुढचं.

वाचलंस? तुझं वेल्डिंग शाबूत आहे. त्यांनी दाब देऊन बघितलं, एक बुडबुडा आला नाही. धूर आत आला तो मागच्या जोडातून. तिथला जोड आवळून धरणारा क्लॅम्प तुटला होता, पाइपावर बाहेरून जोरात आपटल्याची खूण होती, आणि त्याच्या वर गाडीच्या तळाच्या पत्र्याला एक रबरी बूच असतं, ते निखळलं होतं.

ते आपटलं ते माझ्या हातून. तेरा जानेवारी, शनिवार. लग्नाच्या हॉलमागच्या गल्लीतून वळताना फुटपाथच्या कडेवर चढवली गाडी. खालून घण मारल्यासारखा आवाज झाला. उतरून वाकून बघितलं, काही लोंबकळत नव्हतं, म्हणून निघाले. तेव्हापासून मागून फट-फट आवाज यायला लागला. रविवारी होता, सोमवारी होता, मंगळवारी होता. सोमवारी शिंपीकाका म्हणाले, आज डोकं जड झालंय. मी त्यांना बाम दिला. मला स्वतःलाही मळमळत होतं. वाटलं, जेवण बाधलं असेल.

तुला फोन का केला नाही? कारण तू म्हणाला असतास, गाडी थांबव. मला ते ऐकायचं नव्हतं. मी रेडिओ मोठा केला.

बुधवारी परत येताना पुलावर चाळीस मिनिटं अडकलो. इंजिन चालू, काचा बंद, हीटर चालू. बाई मान टाकून होत्या. मला वाटलं, झोप लागली. शिंपीकाका ओकले तेव्हा मी मागे वळून बघितलं, आणि बाईंचे गाल गुलाबी होते. मला वाटलं, बरं दिसतंय आज यांना. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. त्या मरत होत्या आणि मला त्यांचा रंग बरा वाटला.

आता तू धुतल्या तांदळासारखा आहेस असं मी म्हणत नाही. जाळी असती तर आत आलेला धूर एवढा विषारी नसता, हे त्याच पानावर खाली लिहिलंय. तू नाही म्हणायला हवं होतंस आणि नाहीवर ठाम राहायला हवं होतंस. पण तू दोन महिने टायर बदलतोयस ते तुझा सांधा सुटला असं समजून. तो सुटला नव्हता. हे मला एकोणतीस फेब्रुवारीला माहीत होतं आणि मी तुला टोमणे मारत बसले, की कला का सोडलीस.

आज कार्यालयात गेले होते. म्हटलं, मला जबाब बदलायचाय. कारकून म्हणाला, प्रकरण बंद झालं. मी म्हटलं, उघडा. म्हणाला, बंद प्रकरण उघडायला तक्रारदार लागतो. म्हटलं, मी तक्रारदार. तुमची तक्रार कुणाविरुद्ध? माझ्याविरुद्ध. तो बराच वेळ फॉर्म उलटसुलट करत राहिला. ‘स्वतःविरुद्ध’ असा रकानाच नाही म्हणाला. शेवटी वरच्या तपासनीस बाईंनी मला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि साध्या कोऱ्या कागदावर लिहून घेतलं. शनिवारचा फोन, फुटपाथ, रेडिओ, बाम, सगळं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, ‘तुम्हाला कुणी लिहायला लावलंय का?’ मी नाही म्हटलं. प्रवासी वाहतुकीचा माझा परवाना वर्षभरासाठी गेला. किल्ली तिथेच टेबलावर ठेवून बसनं घरी आले.

आईला जेवतानाच सांगितलं. ती ताट उचलून स्वयंपाकघरात गेली, भांडी घासली, पुसली, परत घासली. मग मामाला फोन लावला आणि म्हणाली, ‘त्या दिवशी मी पोराबद्दल बोलले ते चूक होतं.’ फोन ठेवून माझ्याशी न बोलता झोपायला गेली.

ताई


शनिवार, ६ एप्रिल

पान्या,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं आहे, त्यातल्या तीन शिव्या म्हणाव्या अशा आहेत. ‘क्लॅम्प तुटला की पोरसुद्धा आवाजावरून ओळखतं. चार दिवस, ताई? चार दिवस?’ हे तू कागद फाटेल इतकं दाबून लिहिलंयस. मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर बोलतोय. आता ती माझ्याशी एवढंच बोलते, तुझी बाजू घेण्यापुरतं.

वेल्डिंगला उभा राहिलास की नाही ते लिहिलं नाहीस. तो तुझा प्रश्न.

चौथ्या ओळीत तू विचारलंस, बाई कशा आहेत.

तो तात्पुरता ड्रायव्हर मार्चअखेर सोडून गेला. शिंपीकाकांना त्यांचा जावई नेतो. बाईंना कुणी नाही. बस आहे, थेट रुग्णालयापर्यंत जाते, पण त्या एकट्या जाऊ शकत नाहीत. स्टॉप मोजता मोजता आकडा हरवतो आणि भलत्याच ठिकाणी उतरतात. एकदा तसं झालंही. म्हणून सोमवारी सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. मला बघून दार लावून घेणार होत्या. मग घड्याळाकडे बघितलं आणि चपला घातल्या.

बसमध्ये त्यांना सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, त्याच क्रमानं. त्या गुलाबी गालांचंसुद्धा. मागच्या सीटवरचा माणूस ऐकत होता, ऐकू दे म्हटलं. त्या समोर बघत होत्या. सांगून झाल्यावर पुढचे तीन स्टॉप त्या बोटांवर मोजत राहिल्या. मला वाटलं, कदाचित त्यांच्या ध्यानात राहिलं नसेल, डॉक्टर म्हणाले होते तसं झालं असेल. आणि खरं सांगते, क्षणभर तसं व्हावं असंही वाटलं.

मग म्हणाल्या, ‘त्या दिवशी मी तुला विचारलं होतं. तू हो म्हणालीस.’

‘हो.’

‘मला तुझ्याशी बोलायचं नाही,’ म्हणाल्या. ‘पण परवा वेळेवर ये. साडेसहाची बस चुकली तर पुढची सव्वासातला आहे, आणि मशीन थांबत नाही.’

बुधवारी गेले, शुक्रवारी गेले. जाताना बोलल्या नाहीत, येताना बोलल्या नाहीत. मशीनवर चार तास होत्या तेव्हा मी बाहेर बाकावर बसून होते. काल येताना त्या फार थकल्या होत्या, आणि आपल्या स्टॉपवर बसची पायरी उंच आहे. मी आधी उतरून हात पुढे केला. त्यांनी तो बघितला, दांडा धरून उतरायचा प्रयत्न केला, जमेना, ड्रायव्हर वैतागला. मग त्यांनी माझा हात धरला आणि फुटपाथवर पाय टेकताच सोडला.

पायरी उंच होती म्हणून धरला, हे मला कळतं. तू काही वेगळं समजू नकोस. सोमवारी पुन्हा जायचंय.

ताई